भट्टी का तापत नाही?



वैशाखाचे ऊन जालन्यावर उतरले असताना 'भट्टी का तापत नाही' हा विषय मी बोलण्यासाठी घ्यावा, याचे काहींना हसू येईल. ज्या दिवसांत घराच्या भिंती, नळाचे पाणी आणि बसावयाची खुर्चीदेखील न सांगता तापते, त्या दिवसांत न तापणाऱ्या वस्तूचे खरे म्हणजे कौतुकच करावयास हवे! शिवाय वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास किंवा राजकारण यांवर बोलण्याची प्रथा आहे. अशा व्यासपीठावर स्वयंपाकघरातील एका उपकरणाची दुरुस्ती कशाला, असाही प्रश्न कोणी विचारील. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, आपले गाव भट्टीवर जगणारे गाव आहे. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण या गावाच्या जुन्या व्यापारी वैभवातून निघाली. आज या पाळण्याच्या दोन दोऱ्या आहेत, एक बियाण्यांची आणि दुसरी पोलादाची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्या महामंडळाने आपल्या गावाशेजारी जी वसाहत वसवली, तिच्यात भंगार वितळवून त्याच्या सळया करणारे कारखाने उभे राहिले. या सभागृहात असे घर क्वचितच असेल की ज्याचा या सळईशी मजुरीचा, वाहतुकीचा, व्यापाराचा किंवा निदान शेजाराचा संबंध नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. बंद पडलेल्या यंत्रासमोर माणूस कसा वागतो, यावरून तो विचार कसा करतो हे कळते. यंत्र चालू असते तोवर आपण सगळेच शहाणे असतो. ते बंद पडले म्हणजे आपल्या बुद्धीची परीक्षा सुरू होते, आणि तीत आपण पुष्कळदा नापास होतो. केवळ नापास होऊन भागले असते तरी हरकत नव्हती. परंतु त्या परीक्षेत कधी हात भाजतात, कधी जीव जातात. म्हणून स्वयंपाकघरातील ओव्हनपासून सुरुवात करून वसाहतीतील मोठ्या भट्टीपर्यंत आपणांस घेऊन जावे, असा माझा विचार आहे.

प्रथम, वीज तापते म्हणजे काय होते, हे थोडक्यात पाहू. विजेपासून उष्णता मिळवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग रोधाचा. एखाद्या तारेतून विद्युत्प्रवाह जाऊ लागला की तार त्याला अडवते आणि त्या अडवण्यात ती तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. पण लालबुंद होऊनही हवेत जळून न जाणारी तार मिळेपर्यंत या नियमाचा स्वयंपाकघराला उपयोग नव्हता. ती तार अमेरिकेतील आल्बर्ट मार्श याने शोधली आणि १९०६ साली तिचे पेटंट त्याला मिळाले. निकेल आणि क्रोमियम यांच्या त्या मिश्रधातूला आपण नायक्रोम म्हणतो. शेगडी, इस्त्री, गिझर आणि ओव्हन ही सगळी त्या एका तारेची लेकरे होत.

दुसरा मार्ग प्रवर्तनाचा. १८३१ साली फॅरडेने दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला तर त्याला तार न जोडताही त्याच्यात प्रवाह उत्पन्न होतो. म्हणजे भांडे तापवून त्याची उष्णता आतल्या धातूला द्यावी लागत नाही. धातू स्वतःच आतून तापतो. आपल्या औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या भट्ट्या या मार्गाने चालतात, आणि अलीकडे घरात आलेली इंडक्शन शेगडी त्यांचीच धाकटी बहीण आहे.

आता ओव्हनकडे वळू. लाखाच्या घरातला, भिंतीतल्या कपाटात बसवलेला, काचेच्या दाराचा एक ओव्हन डोळ्यांसमोर आणा. घरात पाहुणे यावयाचे आहेत, केकचे मिश्रण तयार आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, आकडे चमकतात. पण अर्ध्या तासाने हात जवळ नेला तरी आत थंडगार. अशा वेळी आपण काय करतो? प्रथम सगळी बटने दाबून पाहतो. मग एखाद्या शेजाऱ्याला विचारतो. तो सांगतो, 'कॉइल गेली असणार. आमच्याकडे असेच झाले होते.' आपण कॉइल आणवतो, ती बदलली जाते, आणि ओव्हन पुन्हा थंडच! मग 'बोर्ड गेला' असे निदान होते. बोर्डाची किंमत ऐकून माणूस नवा ओव्हन घेण्याच्या गोष्टी बोलू लागतो. यालाच आपल्याकडे 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात.

यात चूक कोठे झाली? शेजाऱ्याचा अनुभव खोटा नव्हता, कारागिराचे हातही वाईट नव्हते. चूक ही की, निदान न करता उपचार केला. आयुर्वेदाने निदान हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला. माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ तर रोग ओळखण्यापुरताच लिहिलेला आहे. यंत्राच्या वैद्यकातही हेच हवे. 'तापत नाही' हे लक्षण आहे, रोग नव्हे. एकाच लक्षणामागे दहा रोग असू शकतात.

निदानाची पद्धत शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. विहिरीवर मोटार चालू आहे आणि टोकाच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, असे झाले की तो काय करतो? तो विहीर पुन्हा खणत नाही आणि वाफाही उकरत नाही. तो पाटाच्या कडेने चालू लागतो. अर्ध्या वाटेवर पाणी दिसले तर पाट पुढे कोठेतरी फुटला आहे. न दिसले तर मागे. अशी निम्मी निम्मी वाट सोडवीत तो नेमक्या भगदाडापाशी येऊन उभा राहतो. विजेचा पाटही असाच असतो. एवढाच फरक की, वाफ्यात गेलेले पाणी तेथेच मुरते, विजेला मात्र परतीची वाटही शाबूत लागते. जाणारी किंवा येणारी कोणतीही वाट तुटली तरी काम थांबते.

तेव्हा ओव्हनच्या पाटाने आपण चालू लागू. अट एकच की, स्वस्त आणि बाहेरच्या गोष्टी आधी पाहावयाच्या, महाग आणि आतल्या मागून.

पहिली पायरी: यंत्राला तापण्याची आज्ञा खरोखर मिळाली आहे काय? हा प्रश्न बावळटपणाचा वाटतो, पण 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' याचा प्रत्यय येथेच येतो. पुष्कळ ओव्हनांत वीज जाऊन आली की घड्याळ लावल्याशिवाय तापणे सुरूच होत नाही. काहींत वेळ ठरवून शिजवण्याची सोय चुकून चालू राहिलेली असते. दुकानात मांडून ठेवण्यासाठी कित्येक महागड्या ओव्हनांत प्रदर्शनाची एक खास सोय असते. ती चालू असली म्हणजे दिवा, पंखा आणि आकडे सगळे चालते, फक्त उष्णता येत नाही. यंत्रासोबत आलेली पुस्तिका वाचणे हा दुरुस्तीचा पहिला खर्च आहे, आणि तो शून्य रुपयांचा आहे.

दुसरी पायरी: यंत्राला पुरेशी वीज मिळते आहे काय? आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा दाब अपेक्षित असतो. २,५०० वॉटचा ओव्हन त्या दाबावर सुमारे ११ अँपिअर प्रवाह घेतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे दाब दहा टक्क्यांनी उतरला की उष्णता दहा नव्हे, एकोणीस टक्क्यांनी उतरते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरोघर पंखे, कूलर आणि मोटारी चालू असताना दाब १८० व्होल्टवर आला, तर तोच ओव्हन जेमतेम १,५०० वॉटचा राहतो. म्हणजे ओव्हन बिघडलेला नाही, तो उपाशी आहे. उपाशी माणसाला औषध देऊन काय उपयोग? मात्र हा दाब ओव्हन चालू असताना मोजला पाहिजे. भार नसताना फसवा २३० दिसतो, आणि भार पडताच कोठेतरी सैल असलेला जोड उघडा पडतो.

या सैल जोडाबद्दल दोन शब्द अधिक बोलतो, कारण आगी पुष्कळदा येथूनच लागतात. प्लगच्या सॉकेटात किंवा तारेच्या स्क्रूखाली अर्धा ओहम रोध जरी उत्पन्न झाला, तरी ११ अँपिअर प्रवाहाला तेथे साठ वॉट उष्णता निर्माण होते. जुन्या साठ वॉटच्या दिव्याला हात लावता येत नसे, हे आपणांस आठवत असेल. तेवढी धग भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत कोंडली गेली तर काय होईल, याचा विचार करा. ओव्हन आत तापत नाही, कारण त्याच्या वाट्याची काही उष्णता भिंतीत खर्च होत असते! म्हणून मोठ्या प्लगचे उपकरण छोट्या सॉकेटात जोडपट्टी लावून चालवू नये. काळवंडलेले किंवा हाताला गरम लागणारे सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्यावे.

इथवरची तपासणी घरातले कोणीही करू शकते. दाब मोजावयाला मात्र वायरमन बोलवावा. यापुढची वाट आतल्या अंगाची आहे आणि ती जाणत्या कारागिराची आहे. आत हात घालण्यापूर्वी केवळ बटन बंद करून भागत नाही, प्लग ओढला पाहिजे किंवा मुख्य फळीवरचा खटका पाडला पाहिजे. मायक्रोवेव्ह ओव्हन तर घरी कधीच उघडू नये. त्यातील धारित्रात हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहू शकतो.

तिसरी पायरी तापणाऱ्या कांबीची. कारागिराच्या हातात मल्टिमीटर असेल, तर कॉइल गेली की नाही यावर वाद घालण्याचे कारणच उरत नाही. २,५०० वॉटच्या कांबीचा रोध सुमारे २१ ओहम भरला पाहिजे. तेवढा भरला तर कांब निर्दोष. काटा हललाच नाही तर आतली तार तुटली. कित्येकदा कांबीवर फोड किंवा चीर डोळ्यांनाही दिसते. ही एका मिनिटाची तपासणी न करता नवी कांब विकणाऱ्याला कारागीर न म्हणता विक्रेता म्हणावे.

चौथी पायरी उष्णतामान जाणणाऱ्या संवेदकाची. पुष्कळ नव्या ओव्हनांत प्लॅटिनमचा एक छोटा संवेदक असतो. शून्य अंशाला त्याचा रोध १,००० ओहम आणि शंभर अंशांना सुमारे १,३८५ ओहम असतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या तीस अंशांना तो १,११७ च्या आसपास दिसावयास हवा. तो भलताच आकडा दाखवू लागला, तर यंत्राच्या मेंदूला वाटते की आत आग भडकली आहे, आणि तो वीज सोडतच नाही. कांब चांगली, बोर्ड चांगला, पण खबर देणारा खोटे बोलतो!

पाचवी पायरी बोर्डावरील रिलेची, म्हणजे कांबीला वीज देणाऱ्या आणि तोडणाऱ्या छोट्या खटक्याची. हजारो वेळा उघडझाप करून त्याची टोके जळतात. अशा वेळी अख्खा बोर्ड बदलण्याऐवजी तो एक भाग बदलून काम होण्याजोगे असते. सुटे भाग आणि माहिती गिऱ्हाइकाला मिळावी, यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' या नावाने संकेतस्थळ सुरू केले, हे येथे सांगून ठेवतो. दुरुस्त करून वापरणे हा दरिद्रीपणा नव्हे; तो शहाणपणाचा संसार आहे.

सहावी पायरी मी मुद्दाम मागे ठेवली, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिच्यात आहे. ओव्हनच्या पाठीमागे रुपयाएवढी एक चकती असते. कपाटातील उष्णता मर्यादेबाहेर गेली की ती आपणहून प्रवाह तोडते. तिला कारागीर कटआउट म्हणतात. ओव्हन तापत नाही म्हणून पाहावे, तर ही चकती तुटलेली निघते. येथे दोन तऱ्हेचे कारागीर भेटतात. पहिला म्हणतो, 'ही चकतीच खराब आहे', आणि तिची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून देतो. ओव्हन तापू लागतो, मालक खूश होतो, मजुरीही थोडी पडते. दुसरा विचारतो, 'ही तुटली का?' तो मागे पाहतो, तेव्हा कळते की थंड हवा खेळवणारा पंखा बंद पडला आहे, किंवा सुताराने कपाट बसवताना वारा जाण्याची फटच ठेवलेली नाही. चकतीने आपले काम चोख केले होते. पहिल्या कारागिराने चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर मात्र घरातच ठेवला.

असाच प्रकार जमिनीकडे होणाऱ्या गळतीचा. पावसाळाभर न वापरलेला ओव्हन लावला की घरातला गळती-खटका पडतो. कांबीच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. ती ओल धरते आणि थोडा प्रवाह बाहेरच्या नळीत झिरपतो. घरातील खटका ३० मिलिअँपिअर गळतीला पडण्याजोगा ठेवलेला असतो, कारण त्याहून जास्त प्रवाह माणसाच्या छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. यावर रामबाण म्हणून काही जण अर्थिंगची तारच काढून टाकतात. खटका पडत नाही, ओव्हन चालू राहतो. मात्र त्याचे लोखंडी अंग आता जिवंत होऊ शकते, आणि पुढची गळती एखाद्या माउलीच्या ओल्या हातातून जमिनीला जाते. ज्या तारेने यंत्र बंद पाडले असे आपल्याला वाटत होते, ती तार आपला जीव वाचवीत होती.

बंधुभगिनींनो, आता याच दोन गोष्टी मनात धरून आपण स्वयंपाकघरातून औद्योगिक वसाहतीत जाऊ. तेथील भट्टीचे प्रमाण वेगळे आहे, पण न्याय तोच आहे.

पोलाद वितळवणारी प्रवर्तन-भट्टी म्हणजे वाळूच्या जातीच्या, सिलिकाच्या भुकटीने ठोकून केलेली एक मोठी मूस. तिच्याभोवती पोकळ तांब्याच्या नळीचे वेटोळे असते. नळीतून पाणी वाहते आणि तिच्या धातूतून प्रचंड विद्युत्प्रवाह जातो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास फेरे करते. येथे ती शेकडो फेऱ्यांवर नेलेली असते. एक टन पोलाद वितळवावयाला ढोबळ मानाने सहाशे युनिट वीज लागते. मुशीत सुमारे सोळाशे अंशांचा रस उकळत असतो आणि सिलिका स्वतः सतराशे अंशांच्या थोडे वर वितळते. म्हणजे रस आणि त्याचे भांडे यांच्यात शंभर-सव्वाशे अंशांचेच अंतर! आणि एका बाजूला तो रस, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेली नळी. मधली भिंत वीतभराहूनही कमी जाडीची. पाण्याची वाफ झाली म्हणजे ते सोळाशेपटींहून अधिक जागा मागते. वितळलेल्या पोलादाखाली पाणी सापडले तर ती जागा ते कसे मिळवील, हे सांगावयास नको.

अशी भट्टी जेव्हा 'तापत नाही', तेव्हा निदानाचे महत्त्व शतपटीने वाढते. तीन उदाहरणे घेतो.

पहिले उदाहरण पुलाचे. भंगार वरून टाकत असताना कधी कधी त्याचे तुकडे एकमेकांना चिकटून मुशीच्या तोंडाशी घट्ट पूल बनतो. खाली रस, मध्ये पोकळी, वर न वितळणारे भंगार. वरून पाहणाऱ्याला वाटते, भट्टी तापत नाही. म्हणून तो वीज वाढवतो. वाढवलेली सगळी वीज खालच्या रसाला मिळते. तो मर्यादेबाहेर तापतो आणि मूस खाऊ लागतो. म्हणजे भट्टी थंड वाटते, नेमकी तेव्हाच ती धोकादायक रीतीने तापलेली असते. येथे उपाय वीज वाढवणे हा नव्हे. वीज उतरवणे, माणसे दूर करणे आणि जाणत्याच्या देखरेखीखाली पूल मोकळा करणे हा आहे.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे, आणि मला ते फार बोधप्रद वाटते. मूस झिजत गेली की रस वेटोळ्याच्या अधिक जवळ येतो. जवळ आल्याने चुंबकीय पकड वाढते, आणि भट्टी पूर्वीपेक्षा जोराने वीज घेऊ लागते. वरवर पाहता भट्टीची तब्येत सुधारल्यासारखी वाटते: रस लवकर होतो, पाळीचा हिशेब वाढतो. पण ती सुधारणा नव्हे, तो क्षय आहे. म्हणून जाणता कारागीर भट्टी मंद झाली तर जसा विचारात पडतो, तसाच ती एकाएकी चपळ झाली तरी पडतो. रोज आकडे वहीत टिपून ठेवण्याची सवय असेल तरच हे कळते. नुसत्या अंदाजाने कळत नाही.

तिसरे उदाहरण गळतीचे आणि पाण्याचे. या भट्टीलाही घरच्यासारखा गळती ओळखणारा पहारेकरी असतो. मूस फोडून रस वेटोळ्याकडे निघाला की तो वीज तोडतो. नवी मूस ठोकली की तिच्यातील ओलीनेही तो जागा होतो, जसा आपला पावसाळ्यातला ओव्हन. ओल असेल तर मूस वाळत जाईल तसतशी गळती घटते. रस झिरपत असेल तर ती वाढत जाते. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी वेळ द्यावा लागतो. पाण्याचेही तसेच आहे. पाणी कमी आले किंवा गरम झाले की भट्टी बंद पडते. आपल्या भागातील बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. तसलेच पाणी नळीतून खेळवले तर आत थर बसतो आणि वाट अरुंद होते. म्हणून वेटोळ्यासाठी क्षार काढलेले पाणीच लागते. २०१२-१३ चा दुष्काळ ज्या जालन्याने भोगला, त्याला पाण्याचे मोल सांगावयास नको. आणि लक्षात घ्या, वीज गेली तरी रसाने भरलेल्या भट्टीला पाणी लागतेच. बंद भट्टी म्हणजे थंड भट्टी नव्हे.

अशा वेळी मोह कोठे उत्पन्न होतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. मुशीत टनावारी रस आहे, तो गोठला तर लाखोंचे नुकसान आहे, पुढे सळईची मिल माल मागते आहे, आणि पहारेकरी दर दहा मिनिटांनी वीज तोडतो आहे. कोणीतरी हळूच सुचवतो, 'थोडा वेळ बायपास करा.' हे चार शब्द मला फार भयंकर वाटतात. स्वयंपाकघरातील तारेचा तुकडा आणि कारखान्यातील हा बायपास ही सख्खी भावंडे आहेत. फरक एवढाच की, घरात जोडणारा आणि भाजणारा माणूस बहुधा एकाच घरातला असतो. कारखान्यात निर्णय एक घेतो आणि भट्टीच्या तोंडाशी दुसराच उभा असतो. आणि तो पुष्कळदा शेकडो कोसांवरून पोटासाठी आलेला असतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार भाजले. त्या घटनेचे कारण सांगणे हे माझे काम नव्हे. पण त्या दिवशी आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि चार दिवसांनी आपापल्या कामाला लागलो, हे खरे आहे. हळहळ ही भावना आहे, निदान नव्हे. निदान करावयाचे तर प्रत्येक वेळी, प्रत्येक लहान खटका पडतो तेव्हा, 'हा का पडला?' असे विचारण्याची सवय गावाला लागली पाहिजे.

ही सवय कशी लागेल? यंत्राचा मालक, कारागीर आणि गिऱ्हाईक या तिघांनी तीन गोष्टी केल्या तर ते अवघड नाही. मालकाने कारागिराला किती वेळात यंत्र चालू केले याचीच बक्षिसी न देता, कारण शोधून काढल्याबद्दलही मान द्यावा. आणि 'मला अजून कारण सापडलेले नाही, म्हणून मी भट्टी चालू करणार नाही' असे म्हणणाऱ्या कामगाराची नोकरी सुरक्षित ठेवावी. कारागिराने मोजमापाचे साधन जवळ बाळगावे आणि जे मोजले ते लिहून ठेवावे. आपल्या आयटीआयमधून निघणारी मुले हुशार असतात. त्यांना पाना धरावयास शिकवतो, त्याबरोबर 'का?' असे विचारावयासही शिकवले पाहिजे. आणि गिऱ्हाइकाने, म्हणजे आपण, 'कसेही करून आत्ता चालू करून द्या' हे वाक्य बोलणे सोडले पाहिजे. त्या वाक्याची मागणी असते म्हणूनच तारेच्या तुकड्याचा पुरवठा होतो. निदानाचे पैसे द्यावयास आपण कुरकुरतो, पण सुट्या भागाचे मुकाट देतो. वैद्याने नाडी फुकट पाहावी आणि औषधाचे मात्र पैसे घ्यावे, असे म्हटले की तो औषधेच विकू लागणार!

तात्पर्य काय? न तापणारी भट्टी आपल्याला काहीतरी सांगत असते. कधी ती म्हणते, मला आज्ञाच मिळालेली नाही. कधी म्हणते, मी उपाशी आहे. कधी म्हणते, माझी तार तुटली आहे. आणि कधी ती म्हणते, मी तापले तर तुम्ही भाजाल, म्हणून मी थांबले आहे. पहिल्या तिन्ही तक्रारी दूर करणे हे कौशल्य आहे. चौथे बोलणे ऐकून घेणे हे शहाणपण आहे. कौशल्य आपल्या जालन्यात भरपूर आहे. मुशी ठोकणारे, वेटोळी सांधणारे, बोर्ड दुरुस्त करणारे हात येथे गल्लोगल्ली सापडतील. त्या हातांना थांबण्याची मुभा आपण द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.